काकवीचा रकाना

पासष्ट सालच्या हिवाळ्यात नसीमबानू बावीस वर्षांची होती आणि शहराच्या अन्न नोंदणी कचेरीत चिकटून तिला जेमतेम चार महिने झाले होते. तेव्हा पुण्याला कडा होत्या. सोलापूर रस्त्यानं निघालं की जकात नाका यायचा, त्याचा पांढरा-काळा बांबू आडवा पडलेला असायचा, आणि बांबूच्या अलीकडे शहर नि पलीकडे गावं, हे गाडीच्या बैलांनासुद्धा पाठ होतं. बांबू ओलांडून विकायला येणारा जिन्नस कागदावर 'आयात' ठरायचा, मग तो मुंबईच्या बंदरातून येवो की चार कोसांवरच्या मळ्यातून. त्या वर्षी वरून नवा नियम आला होता. डब्यातून, बाटलीतून येणारा खाण्याचा प्रत्येक तयार जिन्नस आधी कचेरीत नोंदवायचा, नमुना द्यायचा, मिळालेला नंबर डब्यावर चिकटवायचा आणि मगच विकायचा.

कचेरी म्हणजे शहाबादी फरशीच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत तीन लांब टेबलं, भिंतीशी नमुन्यांचं कपाट, आणि सकाळपासून दाराबाहेर माणसांची रांग. सासवडचा अंजिराचा मुरंबा, घाटावरची जांभळाची सरबतं, कुणाचं लिंबाचं लोणचं, कुणाची नानकटाई. त्या सगळ्याचा मिळून एक वास कचेरीला होता आणि तो नसीमबानूच्या पदराला लागायचा. संध्याकाळी ती मोमीनपुऱ्यातल्या घरी शिरली की अब्बा हातातलं काम न थांबवता म्हणायचे, "आज लोणचं आलं होतं. मोहरी जास्त होती." त्यांचा अंदाज बहुधा बरोबर यायचा.

अब्बा म्हणजे अमीन शेख, बुकबाईंडर. कचेरीची जाडजूड रजिस्टरं तेच बांधायचे, आणि रजिस्टरं पोचवायला गेले असतानाच तिथं एक जागा निघाल्याचं त्यांना कळलं होतं. मुलगी मॅट्रिक झालेली, अक्षर मोत्यासारखं. मोहल्ल्यातली कचेरीत नोकरीला जाणारी ती पहिली मुलगी. लोकांनी दोन महिने बोलून घेतलं, मग कुणाला अर्ज लिहून हवा असला की तेच लोक तिच्याकडे यायला लागले.

कचेरीच्या हेडक्लार्क होत्या मंदाकिनीबाई. चष्म्याला काळी दोरी, कडक इस्त्रीचं सुती पातळ, आणि बोलणं त्या इस्त्रीहून कडक. "साहेब आहेत का?" असं कुणी विचारलं तर त्या म्हणत, "आहेत. पण त्यांचा आपल्याला उपयोग नाही." नसीमबानूला त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "अक्षर सुंदर आहे. आता आत काहीतरी अर्थ येऊ द्या." ती त्यांना भ्यायची. आणि घरी आल्यावर अब्बांना त्यांची नक्कल करून दाखवायची.

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी मंदाकिनीबाई पुतणीच्या लग्नासाठी रजेवर होत्या. दुपारी एक बाई आली. चाळिशीच्या आसपासची, हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि कडेवर मूल घ्यावं तसा धरलेला एक डबा. डब्याच्या तोंडाला धुवट फडकं बांधलेलं.

"नाक्यावरच्या संभाजीनं धाडलंय मला," ती म्हणाली. "म्हनतो, कचेरीत नाव लावून ये, तवर गाडी सोडत न्हाई."

"कुठून आलात?"

"मांजरीवरनं. मथुराबाई माजं नाव. आमचं गुऱ्हाळ हाय."

"म्हणजे आयात," फॉर्म पुढे ओढत नसीमबानू म्हणाली.

"आयात?" मथुराबाई हसली. "अगं, सकाळची भाकरी खाऊन निगालो तर दुपारच्या भाकरीला माघारी जातो आमी. ह्याला आयात म्हन्त्यात व्हय?"

डब्यात काकवी होती. गुऱ्हाळात उसाचा रस आटताना, गूळ व्हायच्या आधी काढून घेतात तो दाट, सोनेरी पाक. मथुराबाईचं सासर तीन पिढ्या ती मंडईत आणून विकत होतं. आजवर कुणी तिला नाव-गाव विचारलं नव्हतं.

फॉर्म तेव्हा इंग्रजीत असायचे. जिन्नसाचं नाव, करणाऱ्याचं नाव, गाव, कशापासून केला, हे सगळं नसीमबानूनं विचारून विचारून भरलं. मग रकाना आला वर्गाचा. वर्ग मनानं लिहायचा नाही, छापील यादीतलाच निवडायचा, असा नियम. यादीत मध होता, गूळ होता, चार तऱ्हेची साखर होती. काकवी नव्हती. नसीमबानू शहरात वाढलेली. काकवी तिनं लहानपणी एकदोनदा चाटली असेल, ती होते कशी ते तिला ठाऊक नव्हतं. विचारायला मंदाकिनीबाई नव्हत्या. तिनं कपाटातला जुना शब्दकोश काढला, 'काकवी' शोधलं, आणि समोर शब्द होता: मोलॅसिस. यादीत पाहिलं तर अगदी शेवटी मोलॅसिस होतंच. तिला केवढा आनंद झाला. त्या शब्दाच्या डोक्यावर एक बारीकसा तारा छापलेला होता. ताऱ्याचा अर्थ पान उलटल्यावर होता, आणि पान तिनं उलटलं नाही.

मथुराबाईनं अंगठा उठवला, नमुन्याची बाटली भरून दिली, आणि जाताना फॉर्मकडे कौतुकानं पाहत म्हणाली, "तुजं अक्षर लई देखणं हाय, पोरी."

आतल्या खोलीत आरोग्याधिकारी बसायचे. लष्करातून आलेले वयस्क डॉक्टर. सही करताना ते वर बघत नसत. त्यांनी सही केली, कागदाच्या प्रती निघाल्या. तारा असलेल्या जिन्नसाची एक प्रत दारूबंदी खात्याकडे जायची. ती गेली.

कारण मोलॅसिस म्हणजे सरकारच्या लेखी मळी. साखर कारखान्यात साखर काढून घेतल्यावर उरतो तो काळा, आंबूस, चिकट पाक. तिच्यापासून हातभट्टी लागते, म्हणून बिनपरवाना मळी बाळगणं त्या काळी गुन्हा होता.

नवव्या दिवशी मथुराबाई परत आली. या खेपेला हसू नव्हतं. रांगेत न थांबता ती सरळ नसीमबानूच्या टेबलाशी आली, आणि पदराखालून दोन भांडी काढून तिनं फॉर्मवर ठेवली. एक पितळी वाटी, एक मातीचा परळ. वाटीत काकवी होती, दिव्यासारखी स्वच्छ. परळात राखाडी, फेसाळ, काडीकचऱ्याचा मळ.

"रस उकळाया लागला की वर जी घाण येती, ती ही," परळाकडे बोट करून ती म्हणाली. "हिला आमी मळी म्हन्तो. झाऱ्यानं काढतो आन् उकिरड्यावर टाकतो. आन् ही काकवी. आता तू शिकल्याली हायेस, तूच सांग, ह्या दोनी एक हायेत का?"

नसीमबानूला काही कळेना. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन दिवसांपूर्वी दारूबंदीवाले कागद घेऊन गुऱ्हाळावर आले होते. अकरा डब्यांना त्यांनी लाख लावून सील ठोकलं. मथुराबाईच्या नवऱ्याचं, गेनबाचं नाव पंचनाम्यात लिहिलं आणि गावातल्या चौघांना पंच म्हणून उभं केलं. गेनबा माळकरी. आयुष्यात दारूच्या वासाला उभा राहिला नाही. कागदावर त्याच्या नावासमोर मळी लिहिली होती, आणि मळी म्हटल्यावर गावानं पुढचं मनानं लावून घेतलं. संध्याकाळपर्यंत 'गेनबा भट्टी लावतो' इथवर गोष्ट गेली. दुसऱ्या दिवशी ज्यांचा ऊस गाळायचा होता त्या दोघांनी गाड्या मधूनच वळवल्या.

"त्यांनी कागुद दावला," मथुराबाई म्हणाली. "मला वाचता येत न्हाई. पर अक्षर मी वळखलं."

नसीमबानूनं शब्दकोश काढला, यादी काढली, पान उलटलं. तारा वाचला. रांगेतली माणसं बघत होती. मागून मंदाकिनीबाई कधी येऊन उभ्या राहिल्या ते तिला कळलं नाही. त्यांनी वाटी बघितली, परळ बघितला, फॉर्म उचलून वाचला.

"मी शब्दकोशात बघितलं होतं बाई," नसीमबानू पुटपुटली.

"चूक करायला शब्दकोश लागला असेल," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "कबूल करायला लागत नाही."

नसीमबानू उठून उभी राहिली. मथुराबाईकडे बघून म्हणाली, "माझी चूक झाली. मीच लिहिलं ते."

"मग पूस की," मथुराबाई म्हणाली.

पण सरकारी कागदावरचं पुसता येत नसतं. सही झालेली नोंद बदलायची तर जागेवर जाऊन पाहणी करावी लागे, पाहणीची टिपणी लिहावी लागे, आणि ती टिपणी साहेबांना पटावी लागे. अन्न निरीक्षक दोन होते, दोघे दिवाळीपासून तुंबलेल्या नमुन्यांत बुडालेले. मंदाकिनीबाईंनी कॅलेंडरकडे पाहिलं. "रविवारी एसटीनं जाऊ," त्या म्हणाल्या. "मी सही करणार असेन तर मला बघायला हवं. आणि आपण लिहिणार असाल तर आपल्याला तर हवंच."

रविवारी सकाळी दोघी मांजरीच्या फाट्यावर उतरल्या. धुक्यात उसाचे फड उभे होते आणि लांबूनच गोड, जळका वास येत होता. पुढे आयुष्यभर नसीमबानूला तो वास कुठंही आला, अगदी एखाद्या लग्नाच्या मांडवामागं जिलबीचा पाक करपल्याचा आला, तरी ती क्षणभर त्या फाट्यावर उभी असायची.

गुऱ्हाळ म्हणजे पाचटाचं छप्पर, बाजूला घाणा, आणि मधोमध चुलाणावर ठेवलेली भली मोठी काहील. सील ठोकलेले डबे कोपऱ्यात तसेच होते. गेनबा उघड्या अंगानं, गळ्यात माळ, काहिलीपाशी उभा होता. घरचाच थोडा ऊस शिल्लक होता, तोच गाळत होता. बायका आल्याचं त्यानं पाहिलं, मान हलवली, आणि पुन्हा काहिलीकडे तोंड केलं. दहा वर्षांची त्यांची पोर, मैना, चुलाणात चिपाडं सारत होती.

नसीमबानू वही उघडून उभी राहिली. अब्बांनी खास तिच्यासाठी बांधलेली, निळ्या कापडाची वही. ती बघत गेली आणि लिहीत गेली. रस गाळून काहिलीत सोडला. रस तापला. रानभेंडीचं चिकट पाणी टाकलं. मळ वर आला. गेनबानं लांब दांड्याच्या झाऱ्यानं तो अलगद ओढला, एकदा, दोनदा, पाच वेळा, आणि बाजूच्या खड्ड्यात टाकला. रसाचा रंग बदलत गेला. हिरवट, पिवळा, मग उन्हासारखा. मंदाकिनीबाई खाटेवर बसून होत्या. धुरानं त्यांच्या डोळ्यांना पाणी येत होतं, पण त्या जागच्या उठल्या नाहीत.

"काकवी नेमकी कधी काढता?" नसीमबानूनं विचारलं.

गेनबा काहिलीत झारा फिरवत राहिला. तिला वाटलं, हा बोलणार नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही, नुसती उभी राहिली. बऱ्याच वेळानं तोच म्हणाला, "त्ये लिवता येत न्हाई, ताई. बगावं लागतं."

त्यानं पळीनं थेंबभर पाक घेतला, बोटांत धरून ओढला. बारीक तार आली, आणि तुटली. "आजून न्हाई." थोड्या वेळानं पुन्हा. तार आली, लांबली, थरथरली, तुटली नाही. "आता," तो म्हणाला. त्यानं पळी तिच्यापुढे केली. तिनं बोट लावलं आणि चटका बसून हात झटकला. मैना खिदळली. मथुराबाईनं पोरीला दटावलं, पण तिच्याही ओठाचा कोपरा हलला. नसीमबानूनं पुन्हा बोट लावलं. या खेपेला तार निघाली.

तिनं वहीत लिहिलं: 'दोन बोटांत ओढली असता एक तार न तुटता राहते, तेव्हा काढतात. मळी त्यापूर्वीच पूर्ण काढून टाकलेली असते.' हे वाक्य तिनं मराठीतच लिहिलं. इंग्रजीत कसं लिहायचं ते तिला सुचेना, आणि चुकीचं लिहायची आता हिंमत नव्हती.

सोमवारी टिपणी आतल्या खोलीत गेली. डॉक्टरांनी ती वाचली आणि पहिल्यांदाच वर बघितलं. "मराठीत का?"

"जिथं पाहणी झाली तिथं मराठी बोलतात," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"ठीक. पण वर्ग कोणता? यादीत नाही."

"यादी करणारा मांजरीला गेला नव्हता."

"याला इंग्रजी नाव काय?"

"नाही. मलाही नाही. तरी सव्वीस वर्षं मी इथं काम करते आहे."

डॉक्टर हसले की खोकले, ते नसीमबानूला नीट कळलं नाही. त्यांनी नमुन्याची बाटली मागवली, चमचा बुडवला, चाखला, आणि परत बुडवला. मग यादीच्या तळाशी, मोलॅसिसच्या खाली, शाईनं एक नवा रकाना आखला आणि रोमन लिपीत लिहिलं: काकवी. शेजारी तारा काढला नाही.

दारूबंदी खात्याला पत्र गेलं. आठवड्यात सीलं निघाली. कागदापुरतं काम संपलं होतं. पण मथुराबाई नंबर न्यायला आली तेव्हा कागद हातात घेऊन उभीच राहिली.

"डबं सुटलं," ती म्हणाली. "मानूस न्हाई सुटला. चावडीवर बसाया जात न्हाई. देवळात जात न्हाई. म्हनतो, कागदात काय हाय ते मला दावून काय उपेग, ज्येंनी पयला कागुद ऐकला त्येंनी ह्योबी ऐकाया पायजे."

ती गेल्यावर नसीमबानूनं मंदाकिनीबाईंना विचारलं, "आपण पंचांना तसं कळवू शकतो का?"

"कचेरीच्या नियमात माफीचा रकाना नाही," त्या म्हणाल्या. आणि थोडं थांबून, हातातल्या कागदांवरून नजर न काढता, "रजेचा मात्र आहे. अर्ज टाका आणि जा. अर्जात 'खासगी काम' लिहा. स्पेलिंग बघून."

घरी अब्बांना तिनं सगळं सांगितलं. ते रजिस्टराच्या पुठ्ठ्याला खळ लावत होते. "लोक हसतील," ती म्हणाली.

"हसतील," अब्बा म्हणाले. "उलटा बांधलेला पानांचा फर्मा मी एकदा भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर उसवला होता. हसलेच लोक. पण किताब सुलटी झाली." मग म्हणाले, "मी येतो फाट्यापर्यंत. पुढे तू जा."

मांजरीच्या देवळापुढं बाजाराच्या दिवशी माणसं होती. मथुराबाईनं पंच झालेल्या चौघांना बोलावून घेतलं होतं, त्यांच्याबरोबर आणखी चाळीसेक माणसं बघायला जमली. गेनबा आला नव्हता. घराच्या ओट्यावर बसून होता, तिथून देऊळ दिसत होतं. नसीमबानू पायरीवर उभी राहिली. तिनं कागद वाचला. कागद संपला तेव्हा तिनं घडी घातली आणि जे कागदात नव्हतं ते सांगितलं.

"मळी हा शब्द मी लिहिला. गेनबांनी नाही लिहिला, मथुराबाईंनी नाही सांगितला. मला काकवी माहीत नव्हती आणि मी विचारलं नाही. चूक माझी होती. माझं नाव नसीमबानू अमीन शेख."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक म्हातारा म्हणाला, "एवढी शिकून काकवी म्हाईत न्हाई?" आणि हशा पिकला. ती खाली मान घालून उभी राहिली. पण हशा तिच्यावर होता, गेनबावर नव्हता, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला एकदम हलकं वाटलं. त्या हशातच एक पंच ओट्याकडे गेला आणि गेनबाशेजारी जाऊन बसला. काय बोलले ते ऐकू आलं नाही. पण लोकांची सगळी जीभ काही त्या दिवशी थांबली नाही. कुणी कुणी दोन वर्षांनंतरही गुऱ्हाळावरून जाताना खोकून जायचा.

डब्यावर चिकटवायची चिठ्ठी अब्बांनी ओळखीच्या छापखान्यात छापून घेतली. तिच्यावर काय काय हवं ते विचारायला नसीमबानू गेली तेव्हा मथुराबाई म्हणाली, "नंबर बारीक टाक. धन्याचं नाव मोठं टाक. ज्या नावाला डाग लावला त्येच नाव मंडईत समद्यांनी वाचाया पायजे." म्हणून त्या चिठ्ठीवर काकवीपेक्षा 'गेनबा'ची अक्षरं मोठी होती. मंदाकिनीबाईंनी ती बघून एवढंच म्हटलं, "गिऱ्हाइकाला वाटेल डब्यात गेनबा आहे." पण शिक्का मारला.

मग दर वर्षी मार्गशीर्षात नोंदणी नवी करायला मथुराबाई यायची. काम पाच मिनिटांचं असे, पण ती तासभर बसायची. हुरड्याची कणसं आणायची, पावटा आणायची, गावचं काय काय सांगायची. मंदाकिनीबाई तिला स्वतःच्या डब्यातलं खायला द्यायच्या आणि वर म्हणायच्या, "बसा. कचेरी आपलीच आहे. आम्ही फक्त पगार घेतो." नसीमबानूही सुट्टीत मांजरीला जायची. मैनाला तिनं अक्षर गिरवून घेतलं. मथुराबाई तिच्याशी लेकीसारखी वागायची, पण गेनबा मात्र मान हलवण्यापलीकडे जायचा नाही. पाटावर बसवायचा, वाटीभर काकवी पुढे सरकवायचा आणि उठून काहिलीकडे जायचा. राग गेलाय की नाही, हे त्याच्या पाठीवरून काही कळत नसे.

अडुसष्ट साली नसीमबानूचा निकाह ठरला. मुलगा मैनुद्दीन, येरवड्याच्या छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी. मोमीनपुऱ्यात गल्लीत मांडव पडला होता, चुलींवर डेगा चढल्या होत्या. दुपारी गल्लीच्या तोंडाशी गडबड झाली. पांढरं धोतर, डोक्याला नवा फेटा, आणि खांद्यावर फडक्यात बांधलेली गुळाची अख्खी ढेप घेऊन गेनबा उभा होता. मागं मथुराबाई आणि मैना. एसटी चुकली म्हणून नाक्यापर्यंत बैलगाडीनं आणि तिथून ती ढेप खांद्यावर घेऊन तो चालत आला होता. अब्बा धावले, ढेप उतरवून घेतली. गेनबा घामानं निथळत होता. त्यानं नसीमबानूकडे पाहिलं. ती लाल ओढणीत, हात मेंदीनं भरलेले.

"ह्या वर्साचा पयला गूळ हाय," तो म्हणाला. "पयला लेकीला देत्यात."

एवढंच बोलला तो. नसीमबानू रडायला लागली, तेव्हा नात्यातल्या बायकांना वाटलं, माहेर सुटणार म्हणून रडते आहे.

वर्षं गेली. मंदाकिनीबाई निवृत्त झाल्या; निरोपाच्या भाषणात त्यांनी आभार मानायला अर्धं मिनिट घेतलं आणि म्हणाल्या, "उरलेला वेळ कामाला लावा." डॉक्टर त्याच्या आधीच गेले होते. अब्बा गेले, आणि रजिस्टरं बाहेरून छापील यायला लागली, पाच वर्षांत शिवण उसवणारी. ऐंशीच्या आसपास मांजरीचा ऊस सरळ कारखान्याला जायला लागला. गेनबा वारला त्याच्या पुढच्या हंगामात मथुराबाईनं काहील उतरवली. नोंदणी नवी करायला त्या वर्षी ती आली नाही. नसीमबानूनं रजिस्टरात त्या नावापुढचा रकाना तीन महिने मोकळा ठेवला, मग नाइलाजानं 'बंद' लिहिलं. पुढे इस्पितळात, बायकांच्या वॉर्डात, मथुराबाईचे शेवटचे दिवस चालले होते तेव्हा नसीमबानू रोज संध्याकाळी कचेरीतून परस्पर तिकडे जायची. मथुराबाई डोळे न उघडता नाक फुलवून म्हणायची, "आज सरबत आलं हुतं का गं?"

आता नसीमबानू बिबवेवाडीत मुलाकडे राहते. मैनुद्दीन जाऊन सात वर्षं झाली. नोंदणीची कामं आता कॉम्प्युटरवर होतात, नात ते घरी बसून पाच मिनिटांत करून दाखवते, आणि नसीमबानूला ते आवडतं. रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांचे पाय तिला आठवतात. पण वास नाही हं त्याला, असं ती म्हणते, आणि नात हसते. सोलापूर रस्त्यावरचा नाका कधीच उठला. मांजरीही शहराच्या हद्दीत आली तेव्हा पेपरातली ती बातमी तिनं दोनदा वाचली.

त्याच हिवाळ्यात एका सकाळी मुलानं तिला गाडीनं मांजरीला सोडलं. फाटा ओळखू येत नव्हता. जिथं फड होते तिथं इमारती, आणि त्यांतल्या एकीत चौथ्या मजल्यावर मैना राहते. जमिनीच्या बदल्यात मिळालेला फ्लॅट. मैना सत्तरीला आली आहे, गुडघे दुखतात, पण दार उघडल्याबरोबर हसली ती तशीच, खिदळून.

दोघी गॅलरीत उन्हाला बसल्या. मैनानं खाली बोट दाखवलं. "त्यो पार्किंगचा खांब हाय न्हवं, तिथं चुलाण हुतं." नसीमबानूनं वाकून पाहिलं. तिथं एक लाल स्कूटर उभी होती.

"आत्या, एक सांगू?" मैना म्हणाली. "बापूंनी तुमाला दोन वरसं माफ केलं नव्हतं. आई लई भांडायची त्येंच्याशी."

"मला ठाऊक होतं," नसीमबानू म्हणाली.

"तरी येत व्हता?"

"येत होते. त्यांनी कधी जाऊ नको म्हटलं नाही ना."

मैनानं भाजी निवडायला घेतली. नसीमबानूनं ताट अर्धं आपल्याकडे ओढलं. कोण गेलं, कुणाच्या सुनेचं काय, कुणाला कोणतं औषध लागू पडलं, असं बोलता बोलता ऊन गॅलरीतून सरकून घरात आलं. चार वाजता खाली मुलाच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"राहा की आजची रात," मैना म्हणाली. "इतक्या वरसांत एकदाबी ऱ्हायला न्हाई तुमी."

तसं खरंच होतं. शेवटची एसटी गाठायची म्हणून ती नेहमी उठायची. नसीमबानूनं कठड्यावरून वाकून मुलाला हाक मारली आणि उद्या दुपारी ये म्हणून सांगितलं. मग पदर खोचून आत वळली आणि म्हणाली, "कणीक कुठं ठेवतेस गं? मी मळते."